सखूबाईंचं हिरवं पत्रक

तुम्ही परवा काहीतरी शोधलंत, ते कुणाला विचारलंत? फोनला, असं म्हणाल. पण फोनला म्हणजे नेमकं कुणाला? जे उत्तर त्यानं सगळ्यात वर दाखवलं ते वर का होतं, आणि जे खाली राहिलं ते कुणी खाली ठेवलं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला का? मला पडला नव्हता. तो विचारायला मला वनिताताईनं शिकवलं, आणि आता ताई नाही.

बातमी आली तेव्हा मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर महाडच्या गाडीची वाट पाहत उभी होते. फोन विलासदादाचा, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाचा होता. तो मुंबईच्या हॉस्पिटलात तिच्याजवळ होता. "करुणा, ताई गेली गो. सकाळीच," एवढंच तो म्हणाला. मागे हॉस्पिटलच्या जिन्यातला गलबला ऐकू येत होता. वाडीवर आणतोय, तू ये, असं म्हणाला, आणि मग एकदम, जणू तेच विचारायला फोन केला होता अशा आवाजात, म्हणाला, "तिचा तो कागद मिळाला काय गो?"

"नाय, दादा."

"बरं," म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला. महाडची गाडी आली, भरली आणि गेली. मी उभीच राहिले...

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. मधल्या काळात मी दोन-तीनदा लिहायला बसले आणि उठले. माझ्या लिहिण्यात आग असते, असं लोक म्हणतात. सध्या ती नाही. सध्या फक्त थकवा आहे, आणि तो कागद.

तो कागद म्हणजे चार पानी पत्रक. हिरव्या कागदाचं, वर विहिरीच्या काठावर उभी असलेली हंडा घेतलेली बाई. ताईची आई, सखूबाई, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका बौद्धवाडीत राहायच्या. शाळा त्यांनी बाहेरूनच पाहिलेली. एका मार्चमध्ये वाडीतली माणसं चवदार तळ्यावर जाऊन आली, आणि येताना कुणीतरी हे पत्रक घेऊन आलं. सखूबाईंनी ते समोर धरून शेजारच्या शाळकरी पोरीकडून एकेक अक्षर ओळखून घेतलं. पहिलं वाक्य होतं, "ही विहीर सर्वांची आहे." आयुष्यात स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य. पुढे कित्येक महिने त्यांना फक्त तेवढं एक पत्रक वाचता येत होतं, दुसरं काही नाही. भाकऱ्या थापताना त्या ते म्हणायच्या, असं ताई सांगायची. आणि मग एक दिवस त्यांनी ते देऊन टाकलं. कारण त्या काळच्या पत्रकांच्या तळाशी छापलेलं असायचं, वाचा आणि दुसऱ्याला द्या. सखूबाईंनी तळापर्यंत वाचलं होतं. छापलंय म्हटल्यावर द्यायलाच हवं. कुणाला दिलं, ते शेवटी त्यांनाही आठवेना.

ताई शिकली, कॉम्प्युटरमध्ये शिकली, मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत वर्षानुवर्षं संशोधन केलं. विषय होता वेबवरची माहिती कशी रचायची, कशी शोधायची, आणि माणसाच्या हातात नेमकी कशी परत आणून द्यायची. नावापुढे आडनाव ती लिहीत नसे. तिच्या सगळ्या शोधनिबंधांवर 'वनिता सखूबाई' असंच आहे. एवढ्या विषयांतून हाच का घेतलास, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, आईचा कागद हरवला म्हणून. मला ती चेष्टा वाटली होती.

माझी तिची ओळख पाण्यामुळे झाली. ज्या जुलैत तळीये गावावर डोंगर आला, त्याच जुलैत महाडात सावित्री नदी शिरली. आमचं घर बाजारपेठेच्या मागे, खालच्या बाजूला. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर मार्चला तळ्याच्या बाजूला प्लास्टिकचा कागद अंथरून पुस्तकं-पत्रकं विकतात. बाकीचं वर्षभर ती घरात, पेट्यांत. मी त्या पेट्यांवर बसून मोठी झाले. बाराखडीच्या आधी मला घोषणा पाठ होत्या. पाणी ओसरलं तेव्हा लोक गाद्या, फ्रीज, धान्याची पोती बाहेर काढत होते, आणि अण्णा दोरीवर पत्रकं वाळत घालत होते. एकेक पान चिखलातून सोडवायचं, पाण्यात विसळायचं, चिमट्यानं टांगायचं. येणारे-जाणारे बघून मान हलवायचे. शेजारचे काका म्हणाले, "मास्तर, आधी चुलीचं बघा, क्रांती नंतर सुकवा." अण्णा मास्तर नाहीत, पण कागदांत बसणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.

त्या दोरीसमोर एक बाई येऊन थांबली. गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात कॅमेरा. मला वाटलं पेपरवाली. मी तिला बरंच काही सुनावलं, आमच्या दुःखाचे फोटो काढायला आलात वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अण्णांना विचारलं, ही पानं सुकताना एकमेकांना चिकटतील, त्याआधी ओलीच असताना फोटो काढू का? आणि मग, "यात हिरव्या कागदाचं, विहिरीचं एखादं आहे का हो?" नव्हतं. पण ती त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत आमच्या दारात उभी राहून पान न् पान टिपत होती. त्यातली बरीच पानं पुढे वाळून बुरशीनं गेली. आज ती फक्त तिच्या फोटोंत आहेत.

तिनं तेव्हा मुंबई सोडून महाडच्या एका कॉलेजात शिकवायला सुरुवात केली होती. बाजारातल्या दोन खोल्यांत, वरच्या मजल्यावर, तिनं एक साइट उभी केली. खोऱ्यातल्या घराघरांत पडलेली पत्रकं, पुस्तिका, जत्रा-सभांचे कागद यांचा शोध त्यावर घेता यायचा. मी फावल्या वेळात तिच्याकडे जाऊ लागले. काम काय, तर फोटोतला मजकूर टाइप करायचा. ताई कोऱ्या चहाचा कप घेऊन माझ्या मागे फेऱ्या घालत समजावून सांगायची. तुम्ही काही विचारता तेव्हा ते यंत्र जगभर धावत सुटत नाही. त्यानं आधीच पानं गोळा करून ठेवलेली असतात, आणि पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशी सूची केलेली असते, कुठला शब्द कुठल्या पानावर. तुम्ही विचारलंत की ते फक्त सूचीत बघतं. "म्हणजे जे गोळाच केलं नाही," ती म्हणायची, "ते त्याच्या लेखी झालंच नाही. आपली आजी, आपली विहीर, आपलं भांडण... झालंच नाही." हे ती शांतपणे सांगायची. मी भडकायचे. मग ती म्हणायची, भडकून झालं असेल तर पुढचं पान टाइप कर.

गोळा करायचं तर घरोघरचे कागद हवेत. तिनं वाड्यावाड्यांवर निरोप धाडले, तुमच्याकडच्या जुन्या पत्रकांचे फोटो पाठवा. आणि फोटोंचा पाऊस पडला. मी उघडून बघितले आणि डोक्याला हात लावला. एकूण एक फोटो मुखपृष्ठाचा. आणि मुखपृष्ठावर झेंडूचं फूल. काहींच्या पुढे मेणबत्ती, काहींना हार. लोकांनी पत्रक पेटीतून काढलं, पुसलं, भिंतीला टेकवून उभं केलं, फूल ठेवलं, आणि मग मनोभावे फोटो काढला. आतलं एक अक्षर नाही, आणि वरच्या नावाचं निम्मं फुलाखाली. मी म्हटलं, हे आपलं झालंय असं. उघडून वाचायला सांगितलेलं आपण हार घालून ठेवून दिलं. त्यावर मी तिथल्या तिथे एक लेखही रचायला घेतला.

ताई हसली, आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन एसटीत बसली. पोलादपूरहून पुढे जीप, मग चढण. दम तिला तेव्हाही लागायचा. हृदयाचं दुखणं होतं, पण ते तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. वरच्या वाडीत ठकूआजी म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्यांनी कौतुकानं पत्रक आणलं, पाटावर ठेवलं आणि फूल आणायला वळल्या. ताई म्हणाली, "आजी, फूल राहू दे जरा. अक्षरं झाकतात."

"अक्षरं मला कुठं वाचता येतात गो," आजी म्हणाल्या. "मला आपलं फूल दिसतं."

ताई खाली बसली. तिनं पत्रक उघडलं आणि आजींना वाचून दाखवायला सुरुवात केली. पूर्ण. अर्ध्यातच आजींनी तिला थांबवलं आणि पुढची ओळ स्वतः म्हटली, मग त्याच्या पुढची. ते पत्रक त्यांच्या घरच्यांनी कधीकाळी इतकं वाचून दाखवलं होतं की त्यांना ते तोंडपाठ होतं. फक्त कुठल्या कागदात आहे हे ठाऊक नव्हतं. मग ताईनं विचारलं, हे तुम्हाला कुणी दिलं? आजींनी एक नाव सांगितलं. त्याला कुणी दिलं? दुसरं नाव. आजी नावांवर नावं सांगत गेल्या, कुणाची सून, कुणाचा मावसभाऊ, कोण मुंबईला गिरणीत होता. ताई सगळं टिपत राहिली. हिरव्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "विहिरीचं ना? बघितलेलं हाय मी. कुणाकडं, ते नाय सांगता येत." उतरताना ताई मला म्हणाली, बघितलं का, आहे ते. कुठेतरी आहे. झेंडूचे ते सगळे फोटो तिनं साइटवर जसेच्या तसे ठेवले. हाही पत्रकाचा एक वापरच आहे, म्हणाली, तो लपवायचा नाही.

उतरतानाच्या त्या वाटेवर तिला एक गोष्ट सुचली आणि तिच्यावरून आमचं पुढे कडाक्याचं भांडण झालं. वेबवर कुठलं पान वर येणार हे ठरवताना एक गोष्ट बघतात, त्या पानाकडे किती दुसरी पानं बोट दाखवतात, आणि ती बोट दाखवणारी स्वतः किती वजनाची आहेत. ताईनं म्हटलं, आपल्या पत्रकांना बोट दाखवणारं कुणी नाही, पण त्यांना हात आहेत. कुणी कुणाला दिलं. मग जे पत्रक जास्त हातांतून गेलं ते वर. मला कल्पना भारी वाटली. यादी दिसेपर्यंत.

सगळ्यात वर काय होतं? विंचू चावल्यावर काय करावं. त्याखाली नळजोडणीसाठी अर्ज कसा लिहावा. त्याखाली दारू सोडलेल्या माणसाचं मनोगत. समतेवरची, हक्कांवरची, ज्यांवर मी वाढले ती ओजस्वी पत्रकं पार खाली, बोटानं सरकवत जावं तरी येईनात. मी ताईला म्हटलं, हे काय, क्रांतीच्या डोक्यावर विंचू? हा क्रम बदलायलाच हवा, लोकांना जे महत्त्वाचं आहे ते आधी दिसलं पाहिजे. ती म्हणाली, महत्त्वाचं कुणी ठरवायचं? मी म्हटलं, आपण. निदान आपली दानत तरी स्वच्छ आहे. त्या बड्या कंपन्या काय, पैसे घेऊन काहीही वर चढवतात.

"तेही हेच म्हणतात," ताई म्हणाली. "आमची दानत स्वच्छ आहे. करुणा, क्रम लावणं हेच एक पत्रक असतं. फक्त त्याच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं."

मी ऐकायला तयार नव्हते. तेव्हा तिनं माझं पत्रक उघडून दाखवलं. पाणी ओसरल्यानंतर मी लिहिलेलं, अण्णांनी छापून वाटलेलं. शब्द न् शब्द पेटता होता. त्याच्यासमोर एकाच हाताची नोंद होती. अण्णा. घेतलं सगळ्यांनी होतं, पुढं कुणीच दिलं नव्हतं. मी ताडकन उठून गेले आणि बरेच दिवस तिच्याकडे फिरकले नाही. रागानं नव्हे खरं तर... लाज वाटत होती. परत गेले तेव्हा तिनं चहा ओतला आणि म्हणाली, तुझं ते पत्रक मी विलासला दिलंय. आता दोन हात झाले. आणि दादानं बाजूच्या खोलीतून ओरडून सांगितलं की अजून वाचलं नाय, लय मोठं हाय.

एक गोष्ट मात्र तिनं कबूल केली. क्रम कसा लावला ते साइटवर प्रत्येक उत्तराखाली साध्या मराठीत लिहिलं. 'हे वर आहे कारण ते इतक्या हातांतून गेलंय. तुम्हाला दुसरा क्रम हवा असेल तर इथे बदला.' मी तिला म्हटलं, एवढं कोण वाचतं? म्हणाली, तळाशी छापलेलं वाचणारी एक बाई मला माहीत आहे.

शोधूनही काही सापडलं नाही की सगळीकडे एक कोरडं वाक्य येतं, निकाल नाहीत. ताईच्या साइटवर त्याऐवजी प्रश्न यायचा, 'सापडलं नाही. हे तुम्ही कुणाला विचारलं असतंत?' आणि खाली एक चौकट. तिचं म्हणणं असं की आमच्या खोऱ्यात माणूस 'काय' असं शोधत नाही, 'कुणाला' असं शोधतो. विहीर कुठं खणायची ते अमक्याला विचार, कागद कुठं द्यायचे ते तमक्याला. त्या चौकटीत लोक लिहायचे. मामीला. तलाठ्याच्या आधीच्या तलाठ्याला. एकानं लिहिलं होतं, बापाला विचारलं असतं पण तो ऐकायचा नाय. रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर ताई हे सगळं वाचायची. रिकाम्या हातानं गेलेली माणसं, असं ती त्यांना म्हणायची. आणि मग त्या मामीला शोधायला निघायची. खरोखर निघायची, एसटीनं. कितीतरी पत्रकं तशीच मिळाली. दरड कोसळण्याविषयीचं सरकारी परिपत्रक कुणालाच सापडत नव्हतं, कारण आमची माणसं 'डोंगर आला' असं लिहून शोधत होती. ते जोडून दिलं तेव्हा लोक त्याच्यापर्यंत पोहोचले.

आणि रोज, इतरांचे प्रश्न वाचण्याआधी, ती स्वतःचा एक टाकायची. हिरवं पत्रक विहीर. हंडा बाई हिरवा कागद. ही विहीर सर्वांची आहे. दर वेळी शब्द थोडे बदलून. सापडलं नाही, असं तिचंच वाक्य तिला सांगायचं, आणि विचारायचं, कुणाला विचारलं असतंत? ती चौकट ती नेहमी रिकामी सोडायची. मी एकदा म्हटलं, भर की काहीतरी. म्हणाली, "जिला विचारलं असतं तिनंच तर देऊन टाकलं गो," आणि कप विसळायला उठली.

गेल्या पावसानंतर तिला जिना चढवेना. मुंबईला नेलं त्याच्या आदल्या दिवशी मी खोलीवर होते. तिनं मला आजारपणाविषयी काही सांगितलं नाही. कुठल्या वाडीतले फोटो टाइप करायचे राहिलेत, सूची किती दिवसांनी नव्यानं करायची, पासवर्ड कुठला, एवढंच बोलली. निघताना फक्त म्हणाली, सकाळचं वाचत जा. मी हो म्हटलं. ही शेवटची भेट आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, तिला वाटलं असावं.

महाडात शोकसभा झाली. वक्त्यांनी तिला तालुक्याची शान म्हटलं, जागतिक कीर्तीची संशोधक म्हटलं. फोटोला हार होता, आणि हारानं तिची हनुवटी झाकली होती. तिच्या साइटवर जाऊन कुणी काही शोधलं होतं का, असं मी उठून विचारणार होते. पूर्वी विचारलंच असतं. अण्णांनी माझा हात धरला असता आणि मी तो सोडवून घेतला असता. या वेळी कुणी धरला नाही, तरी मी बसून राहिले. विलासदादा शेवटच्या रांगेत होता. बाहेर पडताना म्हणाला, फूल लय जास्त झालं. मी हो म्हटलं.

खोली अजून आहे. कॉलेजनं म्हटलंय, साइट सध्या चालू राहू दे, पुढचं बघू. पुढचं बघू म्हणजे काय, ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. मी सकाळी जाते. खिडकीतून बाजाराचा आवाज येतो, कोरा चहा मला आवडत नाही, तरी करते. रिकाम्या हातानं गेलेली माणसं वाचते. ती यायची थांबलेली नाहीत. ताई गेली आहे हे त्यांना कळायचं काही कारण नाही. परवा मी आधी तिचा प्रश्न टाकला. हिरवं पत्रक, विहीर, हंडा घेतलेली बाई. सापडलं नाही. कुणाला विचारलं असतंत? कर्सर लुकलुकत राहिला. चहा निवला... मग मी त्या चौकटीत लिहिलं, वाचकांना.

म्हणून विचारते. महाड-पोलादपूरकडची तुमची मुळं असोत किंवा सासर, तुमच्या घरात एखादी पेटी असेल, गादीखाली, देव्हाऱ्याच्या मागे, मुंबईच्या खोलीतल्या माळ्यावर. आज ती उघडा. त्यात हिरवं पत्रक मिळालं तर त्याच्यावर फूल ठेवू नका, आधी आतली पानं उघडा, आणि घरात जे कुणी असेल त्याला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. मग चारही पानांचे फोटो काढा. ते तुमच्याकडे कुणाकडून आलं तेवढं मागे लिहा. मी पत्ता देत नाही. पत्रक महाडकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती द्या, त्याला सांगा पुढं दे. सखूबाईंनी दिलं होतं तसं. येईल ते.

हिरवं नाही मिळालं तर जे मिळेल ते उघडा. आणि हे पानसुद्धा वाचून झाल्यावर रद्दीत टाकू नका, कुणाला तरी द्या.